गुलाबी पडलेली लाल गाडी: जुन्या स्पोर्ट्स कारचा मूळ रंग कसा वाचवतात

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझ्दाने एक छोटी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी दाखवली. अमेरिकेत ती मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर आणि युरोपात एमएक्स-५ म्हणून विकली गेली. १९९७ पर्यंत चाललेल्या या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. वर उचलले जाणारे हेडलाइट, हलकं वजन आणि लाल रंग, अशीच ती गाडी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. त्या लालचं कंपनीच्या यादीतलं नाव 'क्लासिक रेड', कोड एसयू.

वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिलेली क्लासिक रेड गाडी आज पाहिलीत तर ती लाल नसते. बॉनेट, डिकीचं झाकण, दारांच्या वरच्या कडा, म्हणजे आभाळाकडे तोंड असलेला प्रत्येक भाग भुरकट गुलाबी झालेला असतो. तळहात फिरवला तर लाल भुकटी हाताला लागते. मालक समजतो, रंग गेला. गॅरेजवाला म्हणतो, फुल बॉडी मारून टाकू. माझं म्हणणं असं, की असा रंग बहुतेक वेळा गेलेला नसतो. वरचा पातळ पापुद्रा मेलेला असतो आणि त्याच्याखाली मूळ लाल शाबूत असतो. तो पापुद्रा काढता येतो. पण तो काढताना गाडीवरचा मूळ रंगच थोडा थोडा कमी होत जातो आणि एकदा गेलेला परत येत नाही. म्हणून हे काम करणाऱ्याचं कसब मी एकाच गोष्टीवर जोखतो: कमीत कमी रंग काढून त्याने चकाकी किती आणली.

एकच थर

आजच्या गाडीचा पत्रा आडवा कापून भिंगाखाली धरला, तर त्यावर चार थर दिसतील. पत्र्याला चिकटून गंज थोपवणारा इलेक्ट्रोकोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. अशा गाडीला पॉलिश करताना आपण फक्त क्लिअरवर घासत असतो. रंगापर्यंत हात पोहोचतच नाही.

क्लासिक रेडला क्लिअर नाही. रंगकण, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि वरची चकाकी, सगळं एकाच थरात आहे. याला सिंगल स्टेज म्हणतात. क्लिअर कोट सर्वत्र रुळण्याआधीच्या बहुतेक गाड्या अशाच रंगवलेल्या असत. मेटॅलिक नसलेल्या साध्या रंगांत ही पद्धत त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि अॅम्बॅसॅडरही याच जातीच्या, त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

सिंगल स्टेज म्हटलं तरी सगळे रंग एका रसायनाचे नसतात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गाडी रंगवणं हे वार्निशचं, आठवडेच्या आठवडे चालणारं काम होतं. मग ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारलेलं ड्युको लॅकर आणलं आणि १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्या त्या निळ्या रंगात बाजारात आल्या. आठवड्यांचं वाळवण तासांवर आलं. (आपले फर्निचरवाले आजही फवारलेल्या फिनिशला ड्युकोच म्हणतात.) त्यानंतर अल्किड एनॅमल आले, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अॅक्रिलिक लॅकर आलं, पुढे हार्डनर मिसळून मारायचे टू-के रंग आले. यातला एक फरक हातात पॉलिशर घेण्याआधी कळायलाच हवा. लॅकर नुसतं थिनर उडून जाऊन सुकतं. म्हणून कितीही वर्षांनी त्याला थिनर लावलं तर ते पुन्हा विरघळतं. एनॅमल आणि टू-के सुकताना रासायनिकरीत्या जुळून येतात, ते तसे विरघळत नाहीत. डिकीच्या आत, कुणाला न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर लॅकर थिनरचा थेंब घेऊन एकदाच पुसून बघायचं. रंग सहज सुटून बोळ्यावर आला तर लॅकर. मग उष्णता, मशीनचा वेग, साफसफाईची रसायनं, सगळंच जपून वापरायचं.

लाल गुलाबी का होतो

हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडतो, कारण तो समजला की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो.

गुळगुळीत रंगावर प्रकाश पडला की त्यातला साधारण चार टक्के वरच्या वरच परावर्तित होतो. उरलेला आत शिरतो. आतले लाल रंगकण त्यातला निळा-हिरवा भाग शोषून घेतात आणि लाल भाग बाहेर फेकतात. वरून परतलेल्या त्या चार टक्क्यांना रंग नसतो, तो पांढराच असतो. पण पृष्ठभाग सपाट असेल तर तो सगळा एकाच दिशेने जातो. तुम्ही त्या दिशेला उभे असाल तर बॉनेटमध्ये आभाळाचं प्रतिबिंब दिसतं, बाजूला सरकलात की नुसता गडद लाल.

आता त्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षं ऊन पडतं. अतिनील किरण रेझिनच्या लांबच लांब साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन, ओल आणि तापलेला पत्रा त्यात भर घालतात. वरचं रेझिन झिजून जातं, त्याने धरून ठेवलेले रंगकण उघडे आणि सुटे पडतात. हाताला लागते ती भुकटी हीच. पृष्ठभागावर डोळ्यांना वेगळे दिसणार नाहीत असे असंख्य खळगे तयार होतात. आता पांढरा प्रकाश एका दिशेने न जाता सगळीकडे विखुरतो आणि आतून येणाऱ्या लालमध्ये मिसळतो. लालमध्ये पांढरा मिसळला की गुलाबी. म्हणजे त्या गुलाबीपणाचा मोठा वाटा रंग उडाल्याचा नाही, पृष्ठभाग खडबडीत झाल्याचा आहे. नदीकाठचा कोरडा दगड पाण्यात बुडवला की एकदम गडद दिसतो, तेही याच कारणाने. पाणी खाचा भरून काढतं आणि विखुरणं थांबतं.

यातूनच एक फुकटची चाचणी मिळते. गाडी धुतल्यावर गुलाबी बॉनेटवरून ओला स्पंज फिरवा. ओलं असेपर्यंत खोल लाल दिसून सुकल्यावर पुन्हा गुलाबी होत असेल, तर आत रंग आहे आणि काम होण्यासारखं आहे. ओलं असतानाही फिकटच राहत असेल, तर रंगकणांनाच मार बसलाय.

तोही बसतो. चमकदार लाल रंगकण बहुतेक सेंद्रिय रसायनांचे असतात आणि अतिनील प्रकाशात त्यांचे रेणू हळूहळू मोडतात. जुन्या वीटकरी, तपकिरी छटांमधलं आयर्न ऑक्साइड उन्हात कितीतरी जास्त टिकतं. पांढऱ्या रंगाचं दुखणं आणखी निराळं. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः टिकतं, पण उन्हात ते आजूबाजूच्या रेझिनचं विघटन घडवतं, म्हणून जुन्या पांढऱ्या गाड्यांना पांढरी पावडर सुटते. कारखाने त्या कणांवर अॅल्युमिना किंवा सिलिकाचं आवरण चढवतात ते याच्याचसाठी. पांढऱ्यावर पांढरी पावडर पटकन नजरेत येत नाही, आणि लाल गाडीची बदनामी मात्र सगळीकडे होते.

आधी मोजा

दाराची आतली चौकट आणि डिकीच्या झाकणाखालची बाजू बघा. तिथे ऊन लागलेलं नाही. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाचा लाल तिथे जवळपास जसाच्या तसा असतो. आपल्याला कुठवर पोहोचायचंय ते तिथे कळतं. त्याहून गडद, त्याहून झगझगीत करण्याचा हट्ट धरू नये.

मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात चोळा. फडकं लाल झालं तर सिंगल स्टेज. फडक्याला रंग आला नाही तर वर क्लिअर आहे, म्हणजे गाडी कधीतरी पुन्हा रंगवलेली आहे. क्लिअरवाल्या गाडीत पॅडवर रंग दिसणं ही आपत्ती असते, क्लिअर संपल्याची खूण. सिंगल स्टेजमध्ये मात्र लाल पॅड हे ठरलेलंच आहे, त्याने घाबरून जाऊ नये.

यापुढचं साधन म्हणजे रंगाची जाडी मोजणारं गेज. खिशात मावतं, पॅनेलवर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन, आणि कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळं मिळून साधारण शंभर मायक्रॉनच्या आसपास भरतं. थोडं कमी, थोडं जास्त. दोनशेच्या पुढे आकडा गेला तर त्या पॅनेलवर पुन्हा रंग मारलेला असण्याची शक्यता मोठी. पाचशे, आठशे, हजार दिसले तर खाली पुट्टी आहे, कधीतरी ठोकर बसलीय.

एमएक्स-५ वर गेज टेकवताना एक गोष्ट ठाऊक हवी. हिचं बॉनेट अॅल्युमिनियमचं आहे, वजन कमी ठेवण्यासाठी. लोहचुंबकाच्या तत्त्वावर चालणारं स्वस्तातलं गेज तिथे काहीच सांगत नाही. एडी करंटवर चालणारं, म्हणजे लोखंड नसलेल्या धातूवर मोजणारं गेज लागतं. आणि पुढचे-मागचे बंपर प्लास्टिकचे, तिथे दोन्ही प्रकार निरुपयोगी. तिथे अंदाजावरच, हात आखडता ठेवून काम करायचं.

आता जमाखर्च बघू. शंभर मायक्रॉनपैकी वरचा लाल थर चाळीस-पन्नासचाच असतो, खालचा बाकी सगळा इलेक्ट्रोकोट आणि प्रायमर. गेज एकूण जाडी सांगतं, लाल किती उरला ते सांगत नाही. बारीक पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, जाड कंपाउंडने, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशने, तीन-चार, आणि पाणी पेपर मारून मग त्याचे ओरखडे काढायचे म्हटलं तर त्याहून बरेच. आधीच्या मालकांनी दर दिवाळीला किंवा दर उन्हाळ्यात रबिंग, म्हणजे कंपाउंडने घासकाम, करून घेतलं असेल तर त्या खात्यातून बरंच आधीच खर्च झालेलं असतं. म्हणून प्रत्येक पॅनेलवर मध्ये, चारी कोपऱ्यांत आणि उंचवट्यांवर मोजून आकडे कागदावर लिहून ठेवावेत. शेजारच्या पॅनेलवर शंभर आणि एखाद्या उंचवट्यावर सत्तर दिसले, तर तिथे कंपाउंड अजिबात लावू नये.

कडा मोजायलाही नकोत, त्या पातळ असतातच. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर मुळातच बारीक बसतो. त्यात मशीन नेमकं कडेवर जास्त दाब देतं. रबिंगवाल्यांच्या हातून जळलेल्या गाड्यांचे डाग म्हणूनच नेहमी बॉनेटच्या कडेला, दाराच्या उंच रेषेवर, चाकाच्या कमानीवर असतात. मशीन लावण्याआधी अशा सगळ्या रेषांवर मास्किंग टेप लावायची. टेपखालची जागा शेवटी हाताने, एक-दोनदाच.

काम

धुण्याबद्दल फार लिहीत नाही. दोन बादल्या, मऊ मिट, सावली. बोअरच्या जड पाण्याने धुवून उन्हात सुकवलेल्या गाडीवर क्षारांचे गोल डाग बसतात, तेवढं टाळावं. त्यानंतर आयर्न रिमूव्हर: ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात, हे द्रावण त्यांना विरघळवतं आणि ते होताना जांभळं होतं. उरलेली चिकट घाण क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, भरपूर लुब्रिकंट लावून. क्लेसुद्धा लाल होईल.

आता जे सांगतोय ते सिंगल स्टेजसाठी खास आहे आणि नव्या गाड्यांवर शिकलेल्या बऱ्याच डिटेलरांना, म्हणजे गाडी साफ-पॉलिश करणाऱ्यांना, माहीत नसतं. कोरड्या, भुकटी सुटणाऱ्या रंगावर थेट कंपाउंड लावलं तर ते करकरतं आणि गरजेपेक्षा जास्त रंग घेऊन जातं. त्याआधी रंगाला तेलात मुरवायचं. यासाठी जुन्या लोकांची पसंती मेग्वायर्सच्या नंबर ७ ग्लेझला असते. १९०१ साली फर्निचर पॉलिशपासून सुरू झालेली ही कंपनी, आणि हे ग्लेझ तेलाने समृद्ध, त्यात घासणारे कण नाहीत. टर्किश टॉवेलच्या तुकड्यावर भरपूर घेऊन ते पॅनेलवर चोळायचं, जाड थर ठेवायचा आणि काही तास, जमलं तर रात्रभर, तसंच सोडायचं. टॉवेलची खरखरीत पोत सुटी भुकटी उचलते, तेल खळग्यांत शिरतं. सकाळी पुसलं की गाडी आधीच बरीच लाल दिसते.

लोक म्हणतात, तेलाने रंगाला 'खाऊ घातलं', रंग 'जिवंत झाला'. तसं काही होत नाही. तुटलेलं रेझिन तेलाने जुळत नाही. ओल्या स्पंजने केलं तेच तेल करतं, फक्त ते पाण्यासारखं लगेच उडून जात नाही. पण त्याचा दुसरा फायदा खरा आहे: पुढे पॉलिश करताना पृष्ठभाग निसरडा राहतो आणि सौम्य पॉलिशवर भागतं. एखादी गाडी संग्रहालयात ठेवायची असेल, रंग फार पातळ झाला असेल, तर इथेच थांबून वर वॅक्स लावणं हाही अगदी योग्य शेवट आहे.

पुढे जायचं असेल तर आधी चाचणीचा चौकोन. बॉनेटच्या सपाट भागावर टेपने साधारण फूटभर लांबी-रुंदीची चौकट आखायची आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करायची: मऊ फोमचा पॅड, बारीक पॉलिश. त्याने पुरेसं झालं तर पूर्ण गाडीला तेच. नाही झालं तर एक पायरी वर. थेट वुलन पॅड आणि जाड कंपाउंडवरून सुरुवात करणाऱ्याला हे कधीच कळत नाही की त्याची गरज होती की नव्हती.

मशीन ड्युअल अॅक्शन घ्यावं. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. आपल्या गॅरेजमधला साधा गोल फिरणारा बफर, म्हणजे रोटरी, निष्णात हातात अप्रतिम काम करतो. पण जुन्या पातळ रंगावर, विशेषतः प्लास्टिकच्या बंपरवर, जिथे उष्णता पसरायला धातूच नाही, तो क्षणात रंग जाळतो. मधूनमधून पॅनेलला हाताची मागची बाजू लावून बघायची. कोमट चालेल, चटका नको.

चौकोनावर वाटाण्याएवढे पॉलिशचे चार थेंब घेऊन मशीन आधी आडवं, मग उभं, संथ चालवायचं. पहिल्याच फेरीत पॅड लालभडक होतो. इथे बहुतेक जण थांबत नाहीत, आणि थांबायला हवं. पॅडमध्ये अडकलेली मेलेल्या रंगाची भुकटी पॉलिशमध्ये मिसळून चिखल होते, तो चिखल नव्या पृष्ठभागावर घासला जातो आणि रंग धूसर राहतो. मग माणूस समजतो पॉलिश कमी पडलं आणि आणखी जाड घेतो. खरं तर पॅड बदलायला हवा असतो. दर एक-दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशने, नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करावा, आणि एका बॉनेटला तीन-चार पॅड लागतील हे धरून चालावं.

चौकोन पुसून टेप काढली की कडेला एक सरळ रेषा दिसते. अलीकडे गुलाबी, पलीकडे असा लाल की त्यात छताच्या ट्यूबलाइटची कड वाचता येते. दाराच्या चौकटीतल्या रंगाशी तो ताडून बघा. जुळला तर मिळवलंत. तिथेच पुन्हा गेज टेकवा आणि आधीच्या आकड्यातून वजा करा. दोन मायक्रॉन गेले असतील तर झकास. सात-आठ गेले असतील तर पद्धत बदला.

एक सावधगिरी. बऱ्याच पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो, तो ओरखडे झाकतो आणि दोन धुण्यांत निघून जातो. खरं काय झालंय ते बघायला पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून हलक्या हाताने पुसतात. लॅकर आणि मऊ सिंगल स्टेजवर हेही सौम्यच ठेवावं, नाहीतर रंग पुन्हा धुरकटतो. नंतर एकाच एलईडी टॉर्चच्या उजेडात बघा. उजेडाच्या बिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. ते गोल नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, त्यातले उजेडाला आडवे असलेले तेवढे चमकतात. टॉर्च हलवली की वर्तुळंही तिच्याबरोबर हलतात. जुन्या गाडीवर यातले काही खोल ओरखडे राहू द्यावेत. दहा मायक्रॉन खोल ओरखडा पूर्ण काढायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा रंग दहा मायक्रॉन खाली न्यायचा. हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

कारखान्याच्या रंगाला हलकं ऑरेंज पील असतं, म्हणजे प्रतिबिंबाच्या कडा किंचित लहरत्या दिसतात. १९९० च्या आसपासच्या जपानी गाडीवर ते असायलाच हवं. प्रदर्शनासाठी दोन हजारचा पाणी पेपर मारून ते सपाट करणारे लोक गाडीवरचा पुष्कळ मूळ रंग नाल्यात वाहून घालवतात आणि गाडी कधी नव्हती तशी दिसते.

हेडलाइटची झाकणं सगळ्यात शेवटी घ्यावीत. तळहाताएवढा सपाट भाग, बाकी सगळी वळणं आणि कडा, आणि पुढच्या ओठावर खड्यांचे टिपके. डॅशबोर्डजवळच्या स्विचने दिवे न लावताही झाकणं वर उचलता येतात. ती उचलून ठेवली की मागच्या फटीतली वर्षांची घाण आणि कधीही पॉलिश न झालेला पट्टा समोर येतो. इथे मशीन नको. बोटाला गुंडाळलेला मायक्रोफायबर आणि बारीक पॉलिश, बस. खड्यांच्या टिपक्यांत कोडप्रमाणे बनवलेला टचअप रंग अगदी बारीक ब्रशने, थेंब थेंब, थरांमध्ये वाळायला वेळ देत भरायचा. पूर्ण कडक झाल्यावरच तो आजूबाजूच्या रंगाशी सपाट करायचा.

जिथे हे चालत नाही

मेटॅलिक सिंगल स्टेज हे वेगळंच प्रकरण. जग्वार ई-टाइपचं उदाहरण घेऊ. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि तिच्या रंगांच्या यादीत ओपलेसंट नावाच्या छटा होत्या: सिल्व्हर ग्रे, गनमेटल, गडद हिरवा. त्या काळच्या अशा रंगांत अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पत्रे रंगकणांसोबत एकाच थरात असत, त्यांच्यावर क्लिअरचं छत नसे. वरचं रेझिन झिजलं की ते पत्रे उघडे पडून काळवंडतात. पॉलिश केलं की फडकं करडं-काळं होतं आणि पत्र्यांचे माथे कापले जाऊन छटाच बदलते, ती पॅनेलभर सारखी राहत नाही. अशा मूळ रंगाला तेल, वॅक्स आणि फार तर एक हलका हात, यापुढे जाऊ नये.

ई-टाइपसारख्या गाडीत आणखी एक धोका असतो. कोव्हेंट्रीत तिच्या बॉडीचे सांधे शिसं भरून सपाट केले जात. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांतही शिशाची संयुगं असू शकतात. म्हणून जुन्या गाडीवर कोरडा सॅंडपेपर मारू नये. पाणी वापरावं, चांगला मास्क घालावा, चिखल गोळा करून टाकावा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. घरात लहान मूल असेल तर यात जराही ढिलाई नको.

लॅकरला पडलेल्या भेगा पॉलिशने जात नाहीत, त्या तळापर्यंत गेलेल्या असतात. सालपटं निघणारा क्लिअरही परत चिकटत नाही. खाली गंज फुगला असेल तर वरची चकाकी निरर्थक आहे. अशा वेळी पुन्हा रंगवणं हाच मार्ग आणि त्यात काही कमीपणा नाही. माझ्दाने स्वतः २०१८ पासून जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी रिस्टोरेशन सेवा सुरू केली, तिच्यात बॉडीचा नवा रंगही आहे. रंगवायला देताना पेंटरला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. गाडीवर आजवर कुठली पॉलिश लागली ते, कारण सिलिकॉनचा अंश राहिला तर नव्या रंगाला बारीक खड्डे पडतात. आणि सिंगल स्टेजच हवा की बेस-क्लिअर, ते. बेस-क्लिअर जास्त टिकतो, पण साध्या लालवर तो थोडा काचेरी दिसतो. मी सिंगल स्टेज टू-के निवडेन. फक्त टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. साधा फडक्याचा मास्क बांधून गल्लीत गन मारणारा पेंटर आपल्या गाडीसाठी स्वतःची छाती पणाला लावतोय. काम बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बूथ असलेल्या ठिकाणीच द्या, पैसे जास्त पडले तरी.

पण मूळ रंग वाचण्यासारखा असेल तर तो वाचवा. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रतिष्ठित स्पर्धेत मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. कारखान्याने मारलेला थर हा त्या काळच्या रसायनाचा, मशीनचा आणि कामगारांच्या हाताचा पुरावा असतो, हे तिथल्या परीक्षकांनाही मान्य आहे.

नंतर

पॉलिश केलेला सिंगल स्टेज उघडा असतो. काही लावलं नाही तर पुन्हा गुलाबी व्हायला लागतो, भर उन्हात एकाच मोसमात. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा वॅक्स लालवर सुंदर दिसतं आणि तेल आत राखतं, पण आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिनेच टिकतं. सिंथेटिक सीलंट जास्त. सिरॅमिक कोटिंग त्याहूनही जास्त. पण ते काढायचं झालं की पुन्हा पॉलिश करावं लागतं, म्हणजे पुन्हा रंग खर्च. पातळ रंगाच्या गाडीवर मी म्हणून वॅक्स किंवा सीलंटच लावेन, दर तिमाहीला अर्धा तास देऊन.

या सगळ्यांपेक्षा छत मोठं. गॅरेज नसेल तर हवा खेळणारं कव्हर, पण धूळ बसलेल्या गाडीवर ते कधीच ओढू नये, वाऱ्याने ते सॅंडपेपरचं काम करतं. पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी पाण्याने भिजवून काढावा. आणि जाडीच्या आकड्यांचा तो कागद, आधीचे आणि नंतरचे दोन्ही, तारीख घालून गाडीच्या फाइलमध्ये लावावा. उद्या गाडी विकली तर कागदपत्रांबरोबर तोही द्यावा, म्हणजे पुढचा मालक पॉलिशर हातात घेण्याआधी बॉनेटवर किती उरलंय ते वाचेल.